पुढची भिंत, मागची भिंत

बूशता मालेमला, म्हणजे उस्ताद बूशताला, कुणी वय विचारलं तर तो साल सांगत नसे. म्हणे, "तिजानीपेक्षा चार महिन्यांनी मोठा." त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी अशाच तिजानीच्या मापाने मोजलेल्या होत्या. ईदचा मेंढा घेतला तर त्याची शिंगं तिजानीच्या मेंढ्याहून मोठी हवीत. मुलीचं लग्न केलं तर तिजानीच्या मुलीच्या लग्नापेक्षा एक तरी वाजवणारा जास्त हवा. साठीला तिजानीची दाढी एकसारखी पांढरीशुभ्र झाली आणि बूशताची मात्र कुठे राखाडी, कुठे पिवळट अशी राहिली, तेव्हा त्याने तो स्वतःचा अपमान मानला. "काही लोकांची दाढीसुद्धा वशिल्याने पिकते," असं तो हजामाला म्हणाला होता.

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या कुंभारवाड्यातली माणसं हे ऐकून हसायची. बूशताला हसू यायचं नाही. ताप असता तर घाम येऊन उतरला असता. हे पोटातलं दुखणं पन्नास वर्षं उतरलं नव्हतं.

दोघंही अकराव्या वर्षी, एकाच आठवड्यात, मालेम लअरबीच्या कारखान्यात झलीज, म्हणजे फरशीच्या तुकड्यांची नक्षी, शिकायला बसले. भट्टीतून आलेल्या रंगीत फरश्या घ्यायच्या, जड हातोडीने त्यांचे नखाएवढे तुकडे पाडायचे, कुठला चांदणीचा, कुठला पाकळीचा, कुठला बदामाचा. आणि मग ते तुकडे जमिनीवर पालथे मांडायचे. रंग खाली, माती वर. बघणाऱ्याला नुसती विटकरी माती दिसते. कुठे निळं आहे, कुठे हिरवं, कुठे मधासारखं पिवळं, ते मांडणाऱ्याच्या डोक्यात. वरून सिमेंट ओतायचं, सुकू द्यायचं, आणि तक्ता उभा केला की मगच कळतं आपण काय करून ठेवलंय ते. "ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याने पालथं मांडायला बसू नये," असं म्हातारा लअरबी म्हणायचा आणि म्हणता म्हणता पाठीत एक रट्टा घालायचा.

त्याच म्हाताऱ्याने दोघांना आणखी एक सवय लावली. सिमेंट ओलं आहे तोवर तक्त्याच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, डावा अंगठा दाबायचा. "नाव लिहू नका. नाव लिहिलं की माणूस फुगतो. अंगठा पुरे." बूशताचा डावा अंगठा पहिल्याच वर्षी हातोडीखाली आला आणि शेंडा गेला. त्यामुळे त्याचा ठसा उमटायचा तो चावून ठेवलेल्या खजुरासारखा. तिजानीचा अंगठा अर्थातच शाबूत होता. त्याचाही बूशताला राग होता.

तर मॉलचं असं झालं. शहराबाहेर, सेफ्रूच्या रस्त्याला, जिथे पूर्वी ऑलिव्हची झाडं होती तिथे तो उभा राहिला. एवढी प्रचंड इमारत आणि बाहेरून खिडकी म्हणून नाही. दोन्ही अंगांना पांढऱ्या पत्र्याची जाळी, डोक्यावर वाऱ्याने उचललेल्या चादरीसारखं छप्पर, आणि पुढे एवढं मोठं मोकळं आवार की उन्हात ते ओलांडताना माणसाला आपण काय घ्यायला आलो ते विसरायला व्हावं. आवाराच्या मधोमध कासाब्लांकाच्या कुणा शिल्पकाराने तीन माणसांच्या उंचीचं पोलादी वेटोळं उभं केलं. नाव ठेवलं 'उड्डाण'. फेसच्या लोकांनी एकदा पाहिलं आणि त्याला गोगलगाय म्हणून टाकलं. आठवड्याभरात गोगलगाईंचा रस्सा विकणारा हम्मू आपली गाडी घेऊन त्याच्या सावलीत येऊन उभा राहिला. मॉलवाल्यांनी त्याला दोनदा हाकललं. लोक तिसऱ्यांदा रांग लावून उभे राहिले तेव्हा त्यांनी नाद सोडला.

त्या गोगलगाईच्या पायाशी शिल्पकाराच्या नावाची पितळी पाटी होती. मॉलचं बांधकाम बघणाऱ्या आर्किटेक्ट बाई, लल्ला काउतर, तरुण आणि न्यायाने चालणाऱ्या. त्या म्हणाल्या, पोलाद वाकवणाऱ्याचं नाव लागतं तर झलीज करणाऱ्याचं का नको? मुख्य दरवाजावरच्या भिंतीलाही पाटी लावायची. अशी गोष्ट फेसमध्ये कधी कुणी ऐकली नव्हती. शेकडो वर्षं इथल्या भिंती चमकताहेत आणि एकीवरही कारागिराचं नाव नाही.

आणि मुख्य दरवाजावरची भिंत होती तिजानीकडे. पाच मजली उंच, चांदण्याच चांदण्या, प्रत्येक चांदणीला सोळा पाकळ्या, एक निळी एक हिरवी. बूशताच्या वाट्याला आली होती मागची भिंत, जिथून गाड्या तळघरात उतरतात ती. हिरव्या-पांढऱ्याची साधी वीण. ती बघायची कुणी, तर गाडी मागे घेणाऱ्याने, आणि तीही आरशात.

त्यात वसंतात पुढच्या भिंतीचं काम रेंगाळलं. ठेकेदाराने सहा तक्ते बूशताच्या कारखान्यात करायला पाठवले. नाही म्हणावं तर लोक म्हणतील जळतो. म्हणून त्याने घेतले. पाचवा तक्ता मांडत असताना ठेकेदार दारात येऊन उभा राहिला.

"ऐकलंत का मालेम? तिजानीच्या नावाची पितळेची पाटी लागणार आहे. दरवाजावर."

"बरं," बूशता म्हणाला.

"चांगलंच आहे की. तुमचा जुना सोबती."

"चांगलंच आहे."

ठेकेदार गेला. बूशता मांडत राहिला, पण हाताला तुकडे लागत होते आणि डोळ्यांपुढे पाटी होती. सहा तक्ते वेळेत गेले. टेम्पोने ते आवाराच्या उजव्या अंगाला उतरवले, एवढं त्याने चौकशी करून ठेवलं होतं.

मॉल उघडला आणि बूशताचे शुक्रवार बदलले. नमाज झाली, घरी सात भाज्यांचा कुसकुस झाला, की सगळं फेस आडवं होतं. बूशता मात्र बस धरून मॉलवर. गोगलगाईसमोरच्या कॅफेत अर्धी कॉफी अर्धं दूध असा एक पेला मागवायचा आणि चार वाजेपर्यंत समोरची भिंत बघत बसायचं. आनंदासाठी नव्हे. ओळीमागून ओळ, चांदणीमागून चांदणी, तो खोट शोधत होता.

हम्मू रश्श्याची वाटी पुसत ओरडायचा, "मालेम, भिंत पाठ झाली असेल एव्हाना. म्हणून दाखवा की."

"तू तुझ्या गोगलगाई मोज."

"माझ्या मोजून झाल्या. तुमच्याच संपेनात."

खालच्या उजव्या कोपऱ्याकडे नजर गेली की मात्र बूशताचा चेहरा निवळायचा. तिथे आपले सहा तक्ते आहेत असा त्याचा हिशेब होता. आपला तो बाब्या. तो कोपरा त्याला बाकीच्या भिंतीहून जास्त नितळ दिसायचा, तिथल्या चांदण्या जास्त ठसठशीत. "डोळे असणाऱ्याला फरक कळतो," तो वेटरला म्हणायचा. वेटर मान डोलवायचा, कारण टेबल रिकामं व्हायला हवं असायचं.

सहाव्या शुक्रवारी त्याने जावयाकडून दुर्बीण मागून आणली. पक्षी बघायचेत म्हणाला. फेसमध्ये करकोचे पुष्कळ, जावयाला खरं वाटलं. आणि त्या दुर्बिणीतून, डाव्या अंगाला, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, त्याला ती चांदणी सापडली. सोळा पाकळ्यांपैकी दोघींनी जागा बदलली होती. निळीच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी निळी, त्यामुळे एकीकडे तीन निळ्या शेजारी शेजारी, दुसरीकडे तीन हिरव्या. खालून कुणालाही दिसलं नसतं. हजार माणसं रोज तिच्याखालून आत जात होती.

बूशताला एवढा आनंद नातू झाला तेव्हाही झाला नव्हता. त्याने हम्मूला बोलावून दुर्बीण दिली, वेटरला दिली, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी नवराबायकोला दिली. घरी येऊन बायकोला सांगितलं.

झहूर पुदिना निवडत होती. ती म्हणाली, "मग? पडणार आहे का भिंत?"

"भिंत नाही पडत. पाटी पडते. खोट असलेल्या कामावर नाव लावतात का कुठे?"

"अहो सी बूशता, तुम्हाला तुमचं नाव हवंय की त्याचं नकोय?"

"दोन्ही," बूशता म्हणाला. खोटं बोलण्याइतका तो वाईट नव्हता.

शनिवारी तो कडक इस्त्रीचा जलाबा घालून लल्ला काउतरसमोर उभा राहिला. तक्रार म्हणून नाही हं, म्हणाला, शहराच्या अब्रूसाठी. बाईंनी दुर्बिणीतून पाहिलं, ओठ आवळले आणि सांगितलं, तक्ता उतरवून नवा बसवायचा, तोवर पाटी लागणार नाही. बूशता घरी परतला तो बसमध्ये उभ्याने, जागा असूनही. त्याला बसवतच नव्हतं.

आता भिंतीला झलीज चिकटवत नाहीत, लोखंडी चौकटीवर तक्ते टांगतात. मंगळवारी सकाळी क्रेनचा पाळणा वर गेला. खाली लल्ला काउतर, ठेकेदार, खोट शोधणारा जाणकार म्हणून मुद्दाम बोलावलेला बूशता, आणि थोडा बाजूला तिजानी, हातात कालवलेल्या सिमेंटचं घमेलं घेऊन. सगळ्या आवारात तिजानीची दाढीच काय ती चमकत होती.

तक्ता खाली आला. कामगारांनी तो लाकडी ठोकळ्यांवर पालथा टेकवला. आणि खालच्या कोपऱ्यात बूशताला अंगठा दिसला. शेंडा नसलेला. चावून ठेवलेला खजूर.

तक्ते कुठेही बसत होते, सगळे सारखेच होते. उजव्या अंगाला उतरवलेला त्याचा पाचवा तक्ता पाळण्यात बसून डावीकडे चौथ्या मजल्यावर गेला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणून ज्याला दुर्बीण लावली, ते निघालं त्याच्याच डोळ्यातलं मुसळ. आता बाई विचारणार, ठेकेदार ओळखणार, आणि संध्याकाळपर्यंत कुंभारवाड्यात पोरंसोरंसुद्धा अंगठा दाखवून हसणार.

"ही खूण कसली?" लल्ला काउतरनी विचारलंच.

"माझा अंगठा," तिजानी म्हणाला. "जुनी सवय आहे, सगळ्या तक्त्यांवर असतो." तो वाकला, घमेल्यातून मूठभर सिमेंट घेतलं आणि कोपऱ्यावर थापून सारखं केलं. "पाठ भेगाळली आहे बघा. चूक माझीच, बाई. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत."

बाईंना वाईट वाटलं. पण न्याय म्हणजे न्याय. त्या बूशताकडे वळल्या. "मालेम, नवा तक्ता तुम्ही करा. आणि पाटीवर दोन नावं येतील. खाली तुमचं."

ठेकेदाराने बूशताचा हात हातात घेऊन हलवला. बूशताने तो परत मागितलासुद्धा नाही.

तिजानी नळावर हात धूत होता तिथे तो गेला.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"तक्ते आले त्या दिवसापासून. उचलताना बोटाला तुझ्या अंगठ्याचा ठसा लागला. मग उलटून पाहिला, तर पाकळ्या चुकलेल्या."

"परत का नाही पाठवलास?"

"पाठवला असता तर ठेकेदार पुन्हा तुझा उंबरा चढला नसता. म्हटलं, जाऊ दे उंचावर, कोण बघतंय." तिजानीने हात झटकले. "तू बघशील हे लक्षात यायला हवं होतं."

"उपकार केलेस म्हणायचं."

"उपकार कसले रे? लोक त्या भिंतीकडे पाठ करून उभे राहतात आणि स्वतःचे फोटो काढतात. माझी मुलंसुद्धा. तोंड भिंतीकडे करून बसणारा अख्ख्या फेसमध्ये तू एकटा. तुझी बदनामी करून मी कुणाला दाखवू भिंत?"

एवढं बोलून तो निघून गेला, आणि वाहता राहिलेला नळ बूशताने बंद केला. शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या. हे काही त्याला सोसवेना. काम चांगलं, ठीक आहे. दाढी चांगली, तेही ठीक. आता मनही ह्याचंच मोठं? त्यातही हा पुढे?

घरी झहूरने आधीच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. शेजारणी साखरेचे गड्डे घेऊन मुबारक करायला आल्या. मुलीने फोन करून विचारलं, पाटीवर नाव अरबीत येणार की फ्रेंचमध्येही? बूशताने नवा तक्ता मांडला, एकेक तुकडा दोनदा बघून, आणि पाठीवर अंगठा दाबायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला. ह्या तक्त्याखाली आपलं नाव लागणार, आणि जगात एका माणसाला ठाऊक असणार की ते त्याने दिलेलं आहे. रोज दाढी विंचरताना तो ते आठवणार. आठवून हसणारही नाही, हरामखोर, इतका तो चांगला.

गुरुवारी बूशता पुन्हा लल्ला काउतरच्या दारात उभा राहिला, ह्या वेळी कामाच्या कपड्यात.

"तो जुना तक्ता मागवा," म्हणाला.

गोदामातून तक्ता आला. बूशताने हातोडीच्या टोकाने कोपऱ्यातलं नवं सिमेंट खरवडून काढलं, फुंकर मारली, आणि आपला डावा अंगठा त्या खळग्यात ठेवला. तंतोतंत बसला.

बाईंनी वाकून अंगठा पाहिला. "म्हणजे चूक तुमची. तक्रार तुमची. आणि कबूल त्यांनी केलं."

"हो."

"मग त्या दिवशीच का नाही बोललात?"

"तोंड उघडेपर्यंत तो बोलून बसला होता. तो नेहमी आधी बोलतो."

"तुम्ही दोघं भाऊ आहात का?"

"नाही. देवाची कृपा."

बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी आवरलं. "मालेम, मग पाटीवर तुमचं नाव मला टाकता येणार नाही."

"टाकूच नका. त्याचं एकट्याचं टाका." बूशताला लोक पुढे खूप मोठ्या मनाचा म्हणाले. इमामांनी तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरं झहूरला ठाऊक होतं. मन मोठं होऊन तो खरं बोलला नव्हता. तिजानीच्या वर जायचं होतं म्हणून बोलला होता. तिने फक्त आलेले साखरेचे गड्डे परत न करता कपाटात ठेवले आणि म्हणाली, "चहाला होतील."

पाटी लागली. एकच नाव. पुढच्या शुक्रवारी बूशता कुसकुस खाऊन सवयीने मॉलवर आला, पण कॅफेत बसून बघायला काही उरलं नव्हतं. चांदणी बरोबर होती, कारण ती त्यानेच बरोबर केली होती. खालचा उजवा कोपरा बाकीच्या भिंतीसारखाच दिसत होता. पाटीखाली एक जोडपं फोटो काढत होतं, भिंतीकडे पाठ करून.

"मालेम, आज लवकर निघालात?" हम्मूने हाक मारली.

"डोकं दुखतंय."

परतीच्या बसचा थांबा मागच्या बाजूला. तो पत्र्याच्या जाळीला वळसा घालून गाड्यांच्या तळाकडे आला. शुक्रवारची दुपार, तळ निम्मा रिकामा. आणि रिकाम्या रांगेत, गाड्यांची चाकं अडवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर, तिजानी बसला होता. टोपी मांडीवर, डोळे बारीक, बोट हवेत. तोंडाने आकडे चाललेले. समोर बूशताची हिरवी-पांढरी भिंत.

बूशता जागीच थांबला. पिवळं जाकीट घातलेला राखणदार त्याच्या जवळ आला.

"त्यांना ओळखता का हो तुम्ही? मला वाटतं जरा डोक्याने हे आहेत."

"का?"

"दर शुक्रवारी येतात. पहिल्या दिवसापासून. दोनला येतात, साडेतीनला जातात. गाडी नाही, काही नाही. नुसते भिंतीकडे बघत बसतात, आणि कधी कधी स्वतःशीच चरफडतात."

बूशताने राखणदाराला पुन्हा विचारलं, "पहिल्या दिवसापासून?" आणि त्याने पुन्हा सांगितल्यावर तिसऱ्यांदाही विचारलं. पन्नास वर्षांचं पोटातलं दुखणं त्याला क्षणभर सापडेना. त्याने जलाबा सावरला, गाड्यांमधून सावकाश चालत गेला, आणि ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

तिजानी दचकला. त्याचं हवेतलं बोट खाली आलं.

"सापडलं काही?" बूशताने विचारलं.

"अजून नाही," तिजानी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असा काही कडू राग होता की बूशताला तो चांगला ओळखीचा वाटला.

बूशताने पाय पसरले, तळवे मागे टेकले आणि आपल्या भिंतीकडे पाहिलं.

"नीट बघ," तो म्हणाला. "मला घाई नाही."